राघू आपणहून आत येईपर्यंत

सासूबाई गेल्या आणि खालापूरच्या घरात आम्ही तिघं उरलो. मामंजी, मी आणि राघू. यांना भिवपुरीच्या वीजघरात नोकरी लागली होती. पाळ्यांचं काम, म्हणून हे तिकडेच इतर कामगारांबरोबर एका खोलीत राहत आणि आठवड्यातून एकदा घरी येत. बिऱ्हाडाला जागा मिळायची होती. आज मिळेल, उद्या मिळेल असं चाललेलं. मी निम्मी भांडी पोत्यात बांधून ठेवली होती. रोज त्यातलं एखादं लागायचं, मग पोतं सोडायचं, पुन्हा बांधायचं. कुठलीच गोष्ट जागच्या जागी नव्हती, आणि मीही नव्हते.

राघू सासूबाईंचा. मी लग्न होऊन आले त्याच्या आधीपासून घरात होता. दिवसभर मोकळा असायचा. एका बाजूची पिसं त्या कात्रीने थोडी कमी करत, त्यामुळे तो फार तर तुळईपर्यंत उडे. तिथून खुंटीवर, खुंटीवरून मामंजींच्या टोपीवर. टोपीची कड त्याने कुरतडून झालरीसारखी केली होती. दिवेलागण झाली की सासूबाई पिंजरा जमिनीवर ठेवत आणि म्हणत, "चला, झालं आता." राघू डुलत डुलत आत जाई. मी हे रोज बघत होते. त्यात बघण्यासारखं काही आहे असं कधी वाटलं नाही.

त्यांचं एक वाक्य त्याने उचललं होतं. बाहेरून कुणीही उंबरठ्यात पाऊल टाकलं की तो म्हणायचा, "पाय धुवा आधी." आवाज हुबेहूब सासूबाईंचा, नाकात किंचित सर्दी असल्यासारखा.

त्या गेल्या तेव्हा घरात पाहुण्यांची गर्दी झाली. कुणीतरी राघूला पंच्यात धरून पिंजऱ्यात कोंबलं आणि दार पाडलं. सगळे दिवस होऊन पाहुणे परतेपर्यंत तो आतच राहिला. कुणाला त्याची आठवण झाली नाही. झाली ती मामंजी शेवटच्या पाहुण्यांना गाडीत बसवून घरी आले तेव्हा. उंबरठ्यात पाऊल पडलं आणि आतून आवाज आला, "पाय धुवा आधी."

मी चुलीपाशी होते. मामंजी दारात थांबलेले मला दिसत होते. ते बराच वेळ तसेच उभे राहिले. मग मागे वळले, अंगणातल्या घंगाळातलं पाणी घेऊन पाय धुतले आणि आत आले. जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी चालायला सुरुवात केली. सारी नोकरी मामलेदार कचेरीत बैठक मारून लिहिण्यात गेलेला माणूस, पण आता त्यांना घरात टेकवेना. सकाळी चहा झाला की काठी घेऊन बाहेर. कधी नदीवर, कधी कचेरीच्या आवारात जाऊन उगीच उभे राहत, कधी पुण्या-मुंबईच्या रस्त्याला लागून पार लोधिवलीपर्यंत जात आणि ऊन कलल्यावर धुळीने माखून परत येत. घरात आले तरी बसत नसत. ओटीवरून माजघरात, माजघरातून परसात, परत ओटीवर. मी स्वयंपाकघरात डोक्यावर पदर घेऊन त्यांच्या वहाणांचा आवाज ऐकत असे. त्या काळात सून सासऱ्यांशी काय बोलणार? ताट वाढलं की भांडं जरा वाजवायचं, एवढंच आमचं बोलणं.

राघूला मी मोकळा केला, आणि तिथून खरी पंचाईत सुरू झाली. तो बाहेर आला तो आत जाईना. पिंजरा नुसता हातात घेतला तरी तुळईवर चढून बसे. रात्री त्याला बाहेर ठेवणं शक्य नव्हतं. शेजारचा बोका कौलांवरून आत उतरायचा, त्याचा डोळा राघूवर होताच. मग रोज संध्याकाळी मामंजी धोतर घेऊन आणि मी केरसुणी घेऊन त्याच्यामागे. तो किंचाळतोय, डबे पडताहेत, मामंजी पाटावर चढून हात उंच करताहेत. एकदाचा सापडला की त्याला आत टाकायचं आणि दार सोडायचं. ते लोखंडी दार वरून खाली सरकणारं होतं, खटकन पडायचं. मामंजींचं बोट त्याने फोडलं, माझ्या मनगटावर चोचीची खूण कित्येक वर्षं होती. आणि प्रत्येक दिवशी तो आदल्या दिवसापेक्षा लांब पळत होता.

एका सकाळी मोळी घेऊन ठाकरीण आली. वाडीवरून ती नेहमी यायची, सासूबाईंशी तास तास बोलत बसायची. मामंजी तिला म्हणाले, "हा राघू तू घेऊन जा."

"आमी काय करू त्याला?" ती म्हणाली. "आमच्याकडं कुत्रं हाय, मांजरं हायत. एका दिसात संपंल त्यो."

"मग रानात सोड."

"पंख कुठं पुरतं हायत त्याला? आन् मानसासारखं बोलतोय. रानात कुनाशी बोलंल?"

ती हसून निघून गेली. मामंजी हसले नाहीत. त्यांनी काठी घेतली आणि ते बाहेर पडले. त्या दिवशी माझ्या लक्षात आलं, की ते राघूवर चिडलेले नाहीत. घरात येताना तो आवाज ऐकावा लागतो म्हणून ते घरात यायचंच लांबवत होते. आणि तरीही रोज आधी पाय धूत होते.

मला दिवसभर काम तरी किती असणार? दोन माणसांचा स्वयंपाक. मी राघूकडे बघत बसू लागले. दुपारी घर शांत असताना, मी दळायला बसले की, तो हळूच खाली उतरायचा. पिंजऱ्याचं दार आकड्याला अडकवून वर ठेवलेलं असे. तो आत मान घालायचा, वाटीतला एखादा दाणा उचलायचा, कधी पूर्ण आतसुद्धा जायचा. मी जात्याचा खुंटा सोडून नुसता हात पुढे केला की भुर्रकन बाहेर. म्हणजे त्याला पिंजऱ्याची भीती नव्हती. दाराची होती. आत गेलं की दार पडतं, एवढंच तो शिकला होता, आणि आम्ही रोज संध्याकाळी त्याला तेच पक्कं शिकवत होतो.

मी जुन्या लुगड्याची चिंधी फाडून दार वरच्या वर घट्ट बांधलं. खालच्या पट्टीला कापड गुंडाळलं, म्हणजे उद्या दार पाडलंच तरी वाजणार नाही. बाहेर कुठेही दाणा टाकायचा नाही असं ठरवलं. भिजवलेली हरभऱ्याची डाळ, पेरूची फोड, हिरवी मिरची, सगळं पिंजऱ्याच्या आत. आणि तो आत गेला तरी जागचं हलायचं नाही. तेवढे दिवस रात्री तो तुळईवरच झोपला. बोक्यासाठी मी माजघराची दोन्ही दारं लावून घेई आणि स्वतः तिथेच अंथरूण टाकी. झोप कसली लागते? कौल वाजलं की उठून बसायचं.

दुपारचं जमायला लागलं. संध्याकाळचं जमेना. संध्याकाळी मामंजी घरी असत आणि त्यांच्या येरझाऱ्या चालू असत. राघू अर्ध्यापर्यंत उतरे, मामंजी वळले की पुन्हा वर. एकदा तो दारात येऊन एक पाय आत टाकून उभा होता. मामंजींना ते दिसलं. ते धावले, चिंधी हिसकली आणि दार पाडलं. राघू वळून निसटला, पण शेपटीचं लांब पीस दारात अडकून तुटलं. पुढे कितीतरी दिवस तो दुपारीसुद्धा खाली आला नाही. त्याची डाळ मला तुळईवरच ठेवावी लागली.

मी त्या रात्री जेवले नाही. रागावले होते, पण राग कुणाला सांगायचा? सकाळी मामंजी काठी घ्यायला वळले तेव्हा मी दाराच्या आडून म्हटलं, "मामंजी."

ते थांबले. मी त्यांना अशी हाक कधी मारली नव्हती.

"संध्याकाळी तुम्ही जरा बसाल का?"

"म्हणजे?"

"तुम्ही फिरता, म्हणून तो उतरत नाही. एका जागी बसलात तर उतरेल. आणि आत गेला तरी उठायचं नाही."

त्यांनी काठी हातात घेतली. मला वाटलं, आता यांच्याकडे तक्रार जाणार. मग ते म्हणाले, "किती वेळ बसायचं?"

"तो येईपर्यंत."

त्या संध्याकाळी ते खांबाला टेकून पाटावर बसले. बसले म्हणजे काय, पाय हलतोय, बोटं गुडघ्यावर वाजताहेत, मान दाराकडे. थोड्या वेळाने उठलेच. दुसऱ्या दिवशी पुन्हा बसले, पुन्हा उठले. त्यांच्या हाताला काम हवं म्हणून मी त्यांच्यापुढे सोलायचे वाल घातलेलं सूप ठेवलं. वाल सोलणं त्यांनी जन्मात केलं नव्हतं. निम्मे दाणे जमिनीवर जात. पण हात चालला की पाय थांबे.

असेच काही दिवस गेले, आणि एका संध्याकाळी वाल सोलता सोलता त्यांचा डोळा लागला. सासूबाई गेल्यापासून हा माणूस धड झोपला नव्हता. मान खांबावर कलली, सूप मांडीवर. मी दिवा लावायला उठणार होते, ती तशीच थांबले. राघू तुळईवरून खुंटीवर आला, खुंटीवरून जमिनीवर. मामंजींच्या धोतराच्या सोग्यावरून चालत तो पिंजऱ्यापाशी गेला, आणि आत जाऊन दांडीवर बसला.

मामंजी जागे झाले. त्यांनी मला खूण केली, दार. मी मानेनेच नाही म्हटलं. राघूने मिरची खाल्ली, चोच दांडीला पुसली आणि तो बाहेर येऊन पुन्हा वर गेला.

"आत बसला होता तो," मामंजी म्हणाले. आवाज चिडका होता. "दार का नाही लावलंस?"

"आज लावलं असतं तर उद्या आला नसता."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग सुपातले वाल चिवडत म्हणाले, "तीसुद्धा लगेच कुठं लावायची. आत गेला की त्याच्याशी काहीबाही बोलत बसायची. मी म्हणायचो, अगं, लाव ते दार आणि ताट वाढ. भूक लागलीय."

सासूबाईंबद्दल ते पहिल्यांदा बोलले ते हे. मी उठून दिवा लावला आणि ताटं घेतली.

त्यानंतर आम्ही दोघांनी मिळून ते काम केलं. राघू आत गेला की मी दार हळूच खाली आणी आणि लगेच वर करी. तो दचके, पण दार उघडंच आहे म्हणून बसून राही. मग जरा उशिराने वर करायचं. मग त्याचं खाणं होईपर्यंत थांबायचं. मामंजी आता दुरून सांगत, "थांब, अजून बिचकतोय," किंवा "आता चालेल." सकाळचं चालणं त्यांनी सोडलं नाही, पण ऊन उतरायच्या आत ते परत येऊ लागले. उंबरठ्याशी राघू बोलायचा, आणि ते म्हणायचे, "धुतो, धुतो."

होळीच्या सुमाराला एकदा मी परसात होते. आत आले तर पिंजऱ्याचं दार लावलेलं, राघू मान पिसांत घालून बसलेला, आणि मामंजी त्याच्यासमोर मांडी घालून त्याच्याशी काहीतरी बोलत होते. मी मागच्या मागे वळले.

शेवटी भिवपुरीची जागा मिळाली. खोपोलीहून आगगाडीने कर्जत. तिथे माझ्या माहेरी एक रात्र राहिलो, आणि सकाळी बैलगाडीने भिवपुरी. पिंजरा सबंध वाटेत मामंजींच्या मांडीवर होता. डोंगराच्या पायथ्याशी वीजघर, वरून उतरलेले ते मोठे नळ, आणि रात्रंदिवस यंत्रांची घरघर. मामंजी पहिल्याच दिवशी यांना म्हणाले, "मला इथं करमणार नाही." पुढेही बरेच दिवस ते तेच म्हणत राहिले. एकदा पिशवी घेऊन खालापूरला निघालेही. कर्जत स्टेशनवरून माझे वडील त्यांना परत घेऊन आले.

आणि राघू पुन्हा आत जाईना. मला वाटलं, सगळं पहिल्यापासून करावं लागणार. दार बांधलं, पेरू ठेवला, काही उपयोग नाही. तो नव्या खोलीतल्या कपाटावर इकडून तिकडे येरझाऱ्या घालत होता, आणि खाली मामंजी. शेवटी कारण त्यांनीच ओळखलं. आमच्या खोलीत विजेचा दिवा होता. बाहेर जरा सावली पडली की हे उठून बटण दाबत आणि खोली दिवसासारखी होई.

"त्याला संध्याकाळच दिसत नाही," मामंजी म्हणाले. "तो जाईल कशाला आत?"

तेव्हापासून आमच्याकडे दिवा उशिरा लागायचा. आजूबाजूच्या सगळ्या घरांत उजेड, आणि आम्ही अंधारात बसलेलो. शेजारच्या बाई पहिल्यांदा काळजीने विचारायला आल्या, "तुमच्याकडची वीज गेली का हो?"

"नाही," मामंजींनी अंधारातूनच सांगितलं. "आमचा राघू आत जातोय. तुम्ही बसा, पण हलू नका."

त्या बसल्या. पुढे त्या अधूनमधून त्याच वेळेला येऊन बसत, कधी त्यांची मुलंही येत. कुणी फारसं बोलत नसे. यंत्रांची घरघर चालू असायची. राघूची नखं आधी कपाटावर वाजत, मग फरशीवर, मग पिंजऱ्याच्या तारेवर. मामंजी दार खाली सरकवत. मग ते उठून भिंतीपाशी जात, उपरणं हाताला नीट गुंडाळत, कारण विजेच्या बटणावर त्यांचा शेवटपर्यंत विश्वास बसला नाही, आणि दिवा लावत. क्षणभर आम्हा सगळ्यांचे डोळे दिपत. मग मी ताटं घ्यायला उठे.