गाडीतला गोडसर वास

चुलतबहिणीच्या साखरपुड्यासाठी बाबा आणि मी ठाण्याला निघालो होतो. बाबांची गाडी वीस वर्षांची. आई गेल्यापासून ते एकटे राहतात आणि मी लग्नानंतर दोन गल्ल्या सोडून, निजामपुऱ्यातच. त्यांच्या गाडीत बसायची वेळ माझ्यावर क्वचितच यायची.

अंजूर फाट्याच्या पुढे कंटेनरांची रांग लागली. अर्धा तास आम्ही जागचे हललो नाही. बाबांनी एसी बंद केला, काचा खाली घेतल्या. मला वाटलं, पेट्रोल वाचवतायत. मग तापमानाच्या काट्याकडे लक्ष गेलं. तो लाल रेघेला टेकला होता.

"बाबा, गाडी तापलीय!"

"हं. दापोडं जवळच आहे. तिथे थांबू."

दापोड्याला गोदामांच्या रस्त्यावर एक गॅरेज दिसलं आणि बॉनेटच्या फटीतून वाफ येत असतानाच आम्ही आत शिरलो. बाबा उतरले, रुमाल हातावर गुंडाळून रेडिएटरचं झाकण उघडायला निघाले.

"काका, हात लावू नका!" आतून एक पन्नाशीचा माणूस धावत आला. "उकळतं पाणी तोंडावर येईल. आधी थंड होऊ दे."

गाडी थंड होईपर्यंत त्याने प्रश्न विचारले. पाणी कमी होतंय का? किती दिवसांपासून?

"महिनाभर," बाबा म्हणाले. "रोज सकाळी टाकतो. कधी पाणी, कधी कूलंट."

मी त्यांच्याकडे पाहिलं. हे मला ठाऊकच नव्हतं.

त्या माणसाने घाई केली नाही. पंखा फिरतो का पाहिलं. सगळ्या पायपांवरून बोट फिरवलं. ऑइलचं झाकण काढून आतली बाजू पाहिली. पाणी इंजिनात शिरलं असतं तर तिथे साय धरली असती, म्हणाला. ती नव्हती. मग रेडिएटरच्या तोंडावर हातपंप बसवून हवा भरली. पंपावरचा काटा हळूहळू उतरायला लागला. आम्ही तिघांनी वाकून गाडीखाली पाहिलं. फरशी कोरडी.

"लिकेज हाय, पन बाहेर दिसत न्हाय," तो म्हणाला. मग त्याने माझ्या बाजूचं दार उघडलं, डॅशबोर्डखाली हात घातला आणि पायाखालचा गालिचा उचलला. खाली हिरवट पाणी साचलं होतं.

"हीटरची छोटी जाळी असते आत, इंजिनाचं पाणी तिच्यातून फिरतं. ती सडलीय." त्याने ओलं बोट नाकाशी नेलं. "काका, कूलंटचा एवढा गोड वास मारतोय गाडीत. तुम्हाला आला न्हाय?"

बाबांनी गालिचा आणखी वर उचलून पाहिला.

मला मात्र तो वास आला होता. पंधरा दिवसांपूर्वी त्यांनी मला बाजारातून घरी सोडलं, तेव्हा मी म्हटलंही होतं, "गाडीत नवीन परफ्युम ठेवलंत का?" आणि ते म्हणाले होते, "हो, असंच आपलं." तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही. आता वाटलं. बाबांनी आयुष्यभर शाळेत शास्त्र शिकवलं. परीक्षानळी नाकाशी धरायची नाही, हाताने हवा आपल्याकडे ओढून वास घ्यायचा, हे ते आम्हा भावंडांनाही घरी करून दाखवायचे. त्यांना महिनाभर हे कळलं नाही?

गॅरेजवाला म्हणाला, आपल्या हवेत हीटर लागतो कुठे? तो हीटरकडे जाणारे दोन पाइप एकमेकांना थेट जोडून देणार होता. तासाभराचं काम. आम्ही बाकड्यावर बसलो. साखरपुडा चुकलाच होता.

"बाबा, वास येत नाही का तुम्हाला?"

"दोन वर्षं झाली. तो मोठा ताप आला होता ना मला, त्यानंतर." ते समोरच्या ट्रककडे पाहत होते. "आधी वाटलं सर्दी आहे. मग एक दिवस तुझ्या आईचं कपाट उघडलं. तिच्या साड्यांना नेहमी वास यायचा बघ, तो आला नाही. म्हटलं, इतक्या दिवसांत उडून गेला असेल. शेजारच्या वहिनी आल्या होत्या, त्या म्हणाल्या, अजून किती वास आहे हो ह्यांना! तेव्हा कळलं."

त्या दोन वर्षांत मी त्यांना करपलेल्या आमटीवरून दोनदा बोलले होते. लक्ष कुठे असतं तुमचं, असं.

"आणि घरचा गॅस?"

"झोपण्याआधी दोनदा बटण बघतो."

"सांगितलं का नाही मला?"

"सांगून काय, अगं? तू मला तुझ्याकडे न्यायला निघाली असतीस."

ते खरं होतं. तिथे बसल्या बसल्या माझ्या मनात नेमकं तेच चाललं होतं.

नेलं नाही. त्याच आठवड्यात त्यांच्या स्वयंपाकघरात गॅस गळला तर वाजणारी घंटा बसवली आणि त्यांना नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. वास परत येईलच असं सांगता येत नाही, डॉक्टर म्हणाले, पण रोज सकाळी लवंग, लिंबू, कॉफी आणि निलगिरी एकेक करून हुंगायची, मन लावून. बाबा ते शाळेतल्या प्रयोगासारखं करतात. चार बाटल्या आणि एक वही. चार महिने वहीत सगळीकडे 'नाही' लिहिलेलं होतं. परवा त्यांचा सकाळी सकाळी फोन आला.

"लवंग आली," म्हणाले. "पुसट. पण आली."

"नक्की?"

"डोळे मिटून तीनदा बघितलं."

बाकी तीन बाटल्यांचं अजून काही नाही.