पाहुण्याला दिलेले त्रेसष्ट शब्द

सवसनने विद्यापीठात अर्ज केला तेव्हा ती शेहेचाळीस वर्षांची होती आणि त्या अर्जावर शिफारस म्हणून माझी सही होती. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे घडलं त्यातून मी अंग काढून घेतो, असा गावात माझ्यावर आरोप आहे. आरोप खरा आहे. पण सही मीच केली होती.

आमचं वेरदरा म्हणजे पामीरच्या एका आडव्या दरीतली सत्तर घरं. आमची बोली या सत्तर घरांत आणि नदीपलीकडच्या तीस घरांत चालते. त्यापुढे गेलं की लोक "काय म्हणालात?" असं विचारतात. अशा बोलीची खरं तर माणसाला लाज वाटावी, पण भाषांचा अभ्यास करणाऱ्यांना तिचं भलतंच कौतुक. दर उन्हाळ्यात कुणीतरी उगवतो. यंत्र लावतो, शीरचायचा वाडगा हातात घेतो, पहिल्या घोटाला चहा खारट लागला की डोळे मोठे करतो आणि मग विचारायला लागतो. 'भाऊ आला' कसं म्हणता? 'बहीण आली' कसं म्हणता? 'भाऊ आला नसता तर बहीण आली असती का?' गेल्या पस्तीस वर्षांत या भावाबहिणीला त्यांनी इतक्या वेळा आणलंय नि परत धाडलंय की एखाद्याला दया यावी.

हे सगळे पाहुणे उतरतात सवसनच्या घरी. पहिला पाहुणा तिच्या वडिलांकडे उतरला होता, म्हणून पुढचे सगळे तिथेच. ती भाकरी भाजता भाजता उत्तरं देते. मग पुस्तक छापून येतं आणि त्यात तळाशी बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, 'माहिती देणारी: स., स्त्री, गृहिणी.' एका पुस्तकात तर तीन पानांवर तिची तीन वेगवेगळी वयं आहेत.

तिला राग यायचा तो वयाचा नाही. तिचं म्हणणं, हे लोक चुकीचं विचारतात. एकदा ती माझ्याकडे जुन्या कॅलेंडरांचा गठ्ठा घेऊन आली. प्रत्येक महिन्याच्या पाठीवर बारीक अक्षरात काहीबाही लिहिलेलं.

"मास्तर, वरच्या आळीतल्या म्हाताऱ्या गाईशी ज्या शब्दांत बोलतात ना, ते शब्द त्या माणसांशी कधीच बोलत नाहीत. मी बारा वर्षं लिहून ठेवतेय. एकाही पाहुण्याने हे विचारलं नाही."

"का बरं?"

"गोठ्यात कुणी आलंच नाही! सगळे गादीवर बसून विचारतात."

मी तो गठ्ठा रात्रभर वाचला. अडतीस वर्षं मास्तरकी केली, पण मला हे कधी दिसलं नव्हतं. हेवा वाटला, खोटं कशाला बोलू. सकाळी जाऊन तिला म्हटलं, राजधानीच्या विद्यापीठात डोंगरी भाषांचा विभाग आहे, घरी राहून शिकता येतं, वर्षातून दोनदा जायचं. अर्ज कर.

तिचा नवरा कुर्बोनशो मधमाश्या पाळतो आणि बोलण्यातही त्यांचा गुण घेतो. अर्जाचा कागद बघून म्हणाला, "अगं, दप्तर शिवून देऊ का तुला?"

"द्या ना. दोन कप्प्यांचं शिवा. एकात वह्या ठेवीन, दुसऱ्यात तुमची जीभ."

तो हसला आणि खरोखरच दप्तर शिवायला बसला. चांगला माणूस आहे, फक्त गप्प बसत नाही.

अर्ज गेला. जुलैत तोंडी परीक्षेला बोलावणं आलं आणि सोबत वाचायच्या पुस्तकांची यादी. यादीत पहिलंच पुस्तक होतं 'वेरदरा बोलीचा शब्दकोश', कर्ते उस्ताद लुत्फुल्लो होलिकोव. परीक्षा घेणारेही उस्ताद लुत्फुल्लो होलिकोवच. त्याच संध्याकाळी सवसन कोश छातीशी धरून माझ्या दारात उभी.

"मास्तर, आता काय करायचं?"

आत आलेल्याला आधी चहा, ही आमची रीत, पण त्या दिवशी मी दार लावून घेतलं. ती काय म्हणतेय ते मला पुरतं कळलं होतं.

त्याचं असं आहे. आमच्या दरीत पाहुण्याला 'नाही' म्हणत नाहीत. त्याने मीठ मागितलं आणि घरात मीठ नसलं, तर पोरीला मागच्या दाराने शेजारी पिटाळायचं आणि तोवर पाहुण्याशी हवापाण्याच्या गप्पा मारायच्या. घरात मीठ नव्हतं हे पाहुण्याला कळता कामा नये. उस्ताद लुत्फुल्लो चौऱ्याऐंशी साली पहिल्यांदा आले तेव्हा पंचविशीतले होते, काडीसारखे बारीक, आणि त्यांच्याजवळ वरून छापून आलेली दोन हजार प्रश्नांची यादी होती. समुद्राच्या भरतीला काय म्हणता? देवमाशाला? जहाजाच्या डोलकाठीला? सवसनचे वडील बख्तदवलत यांनी उभ्या आयुष्यात समुद्र पाहिला नव्हता. पण पाहुणा मागतोय आणि घरात नाही, तर माणूस काय करणार? त्यांनी अकरा वर्षांच्या सवसनला मागच्या दाराने माझ्याकडे धाडलं.

"मास्तर, बाबा म्हणतात, भरतीला एखादा शब्द असेल तर द्या."

माझ्याकडेही नव्हता. आम्ही केला. दुसऱ्या दिवशी उस्ताद पडताळायला माझ्याकडे आले, तेव्हा मी छातीठोकपणे सांगितलं, "हो तर, माझी आजी हाच शब्द वापरायची." कोशाच्या प्रस्तावनेत माझे आभार मानले आहेत. चार उन्हाळे हेच चाललं. ते शब्द मी इथे लिहीत नाही. उगाच कुणीतरी पुन्हा कोशात घालायचा.

सवसन कोश घेऊन आली त्या संध्याकाळी आम्ही दोघांनी बसून ते मोजले. त्रेसष्ट निघाले.

"हे बघ," मी म्हणालो, "परीक्षेत पुस्तकात असेल तेच सांगायचं असतं. मी जन्मभर पोरांना हेच शिकवलं. शिवाय दर शनिवारी बोलीचा तास घेऊन हे त्रेसष्टही पाठ करून घेतलेत. विषय संपला."

"म्हणजे शिकायला जायचं आणि दारातच थाप मारायची?"

"थाप कसली? छापलेलं आहे!"

"तुम्हाला तुमच्या आभारांची काळजी लागलीय, मास्तर."

लागली होतीच. पण तिचीही कुचंबणा खरी होती. खरं सांगावं तर कबरीतला बाप खोटारडा ठरतो, म्हाताऱ्या उस्तादांच्या हयातभराच्या कामाला छिद्र पडतं, आणि असल्या बाईला प्रवेश कोण देणार? खरं सांगू नये तर बारा वर्षांची कॅलेंडरं चुलीत घालावीत, असं तिला वाटत होतं. गावातल्या थोरांना विचारलं, तर तिचे चुलते सरळ म्हणाले, "पाहुण्याला वाढलेली भाकरी कुणी परत मागतं का? गप्प बैस, पोरी."

मी तिच्यासोबत राजधानीला गेलो. सोबत म्हणून गेलो असं मी सांगतो. खरं म्हणजे ती तोंड उघडते की काय हे बघायला गेलो. जीपमध्ये अठरा तास, अकरा माणसं नि एक मेंढी. सवसन वाटभर तुतीची सुकी फळं चघळत होती आणि माझ्याशी एक अक्षर बोलत नव्हती. मेंढी माझ्याशी जरा बरी वागली.

राजधानीत उकाडा असा की परीक्षेच्या खोलीचं दार सताड उघडं ठेवलं होतं. मी समोरच्या बाकावर बसलो. आत उस्ताद होते, आता साठी ओलांडलेले, पोट सुटलेलं. त्यांच्या शेजारी निगोरा नावाची एक तरुण प्राध्यापिका, हातात शिक्का घेऊन. उस्तादांनी सवसनला ओळखलं नाही. विचारपूस झाली, प्रकृती, रस्ता, पीकपाणी, आणि मग त्यांनी कोश उघडला. आणि उघडून उघडून कुठलं पान उघडावं?

"दोनशे बारा. घर माणसांनी भरलेलं असताना एकटं वाटणं. याला वेरदऱ्याच्या बोलीत काय म्हणतात, बाई?"

मी बाहेरून हातवारे करून पाहिले. तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"उस्ताद, याला शब्द नव्हता," ती म्हणाली.

"कोशात आहे की."

"तो माझ्या वडिलांनी केला. बख्तदवलत. तुम्ही आमच्याकडे उतरला होतात. पाऊस होता, तुमचा चेहरा उतरलेला होता. बाबा आत येऊन आईला म्हणाले, पाहुणा रिकाम्या हाताने चाललाय." तिने दप्तरातून कागद काढून टेबलावर ठेवला. "असे त्रेसष्ट आहेत. मला माफ करा."

मी बाकावरून उठलो आणि जिना कुठल्या बाजूला आहे ते बघून ठेवलं.

"पण हे सगळे पडताळलेले आहेत," उस्ताद यादीवरून नजर न हलवता म्हणाले. "अकनझर मास्तरांनी पडताळून दिले होते मला."

"ते बाहेर बसलेत."

सुटका नव्हती. आत गेलो. एवढ्या वर्षांनी भेटल्यावर मिठी मारायची की पाय धरायचे ते कळेना, म्हणून नुसताच उभा राहिलो.

"मास्तर?" उस्ताद म्हणाले.

"तुम्ही पाहुणे होतात, उस्ताद."

"चार उन्हाळे! चार उन्हाळे तुम्ही लोकांनी मला..."

"एकदाही नाही म्हटलं नाही," मी म्हणालो, आणि त्या क्षणीसुद्धा मला त्याचा थोडा अभिमानच वाटला.

निगोराबाईंनी तोंडावर रुमाल धरला होता. हसू आवरून त्या म्हणाल्या, "मग पुढच्या आवृत्तीत त्रेसष्ट शब्द खोडायचे. सोपं आहे."

"बाकीच्यांचं मला अजून ठरवता येत नाही," सवसन म्हणाली. "पण दोनशे बारावरचा खोडू नका."

"अहो, आत्ताच तर तुम्ही म्हणालात तो खोटा आहे!"

"होता." ती दप्तराचा पट्टा मुठीत धरून बोलत होती. "मास्तरांनी तो शाळेत शिकवला. माझी मुलगी शोयिस्ता त्यांच्याच वर्गात होती. ती आता मॉस्कोत एका इस्पितळात फरश्या पुसते, नऊ जणी एका खोलीत राहतात. गेल्या हिवाळ्यात फोनवर विचारलं, कशी आहेस गं? तर ती हाच शब्द बोलली. एवढा एकच, आणि रडायला लागली. मी तिला 'म्हणजे काय' असं विचारलं नाही. मला लगेच कळलं. आजोबांनी तो शब्द केलाय हे तिला माहीतच नाही, तिला वाटतं आमचा जुना शब्द आहे." तिने डोळे पुसले. "बाबांनी केला तेव्हा तो कुणाचाच नव्हता, उस्ताद. मधेच कधीतरी तो आमचा झाला. कसा झाला, कुणाच्या तोंडून झाला, हे कसं शोधायचं ते मला येत नाही. ते शिकायला आलेय मी."

मीही बाहीने डोळे टिपले, आणि ते उन्हामुळे असं मी नंतर सवसनला सांगितलं. निगोराबाईंनी उस्तादांना न विचारता अर्जावर शिक्का मारला आणि वर फुंकरही घातली.

उस्तादांनी यादी जवळ ओढली, पेन्सिल उचलली आणि जुन्या सवयीने विचारायला लागले, "हा शब्द कोणत्या वर्षी, घरात कोण कोण..." मग थांबले. पेन्सिल तिच्यापुढे सरकवली.

"नाही. तुम्ही विचारा. त्या दिवशी तिथे मीही होतो."

सवसनने कोरा कागद घेतला. पस्तीस वर्षं उत्तरं देणाऱ्या बाईला प्रश्न सुचायला एक क्षणही लागला नाही.

"तुमचा चेहरा का उतरला होता?"

उस्तादांनी कोश मिटला.

"दोन हजार प्रश्नांच्या यादीत हा प्रश्न नव्हताच, बाई," ते म्हणाले. "तुमच्या घरात त्या दिवशी चौदा माणसं होती. सगळे मला वाढत होते, सगळे हसत होते. मी घरापासून चार महिने लांब. मला जे होत होतं त्याला काय म्हणतात, ते मी माझ्यासाठी विचारलं होतं."

सवसनने ते शब्दन् शब्द लिहून घेतलं, आणि शेजारी त्यांचं पूर्ण नाव.