रुखमाबाईचा शेवटचा डबा

सदर इसमाचे नाव नत्थूजी सखारामजी रेवतकर, राहणार नागपूर, मूळ गाव नरखेड. उंची मध्यम, वर्ण गव्हाळ, चष्मा आहे. पद वरिष्ठ प्रयोगशाळा सहायक. सरकीपासून पारदर्शक फिल्म तयार करण्याच्या कामी सदर इसमाने दाखविलेल्या दक्षतेमुळे फिल्मवरील डागांचे निर्मूलन झाले. सदर डाग कच्च्या मालाच्या सदोष धुलाईमुळे पडत असल्याचे सिद्ध झाले आहे. सेवाकाळात एकही ठपका नाही. व्यसन नाही. संत्री खात नाहीत.

शेवटचं वाक्य सरकारी नाही. पण ते नसेल तर आधीच्या वाक्यांना काही अर्थ राहत नाही, म्हणून इथे जोडलं आहे.

नरखेडकडच्या माणसानं संत्री सोडावीत, याचा त्याच्या घरच्यांनी काय अर्थ लावायचा? थोरल्या भावानं, रुपरावांनी, सरळ लावला. घरचा संत्र्यांचा बगिचा रुपराव पाहत आणि दर बहाराला पहिल्या तोडीचं टोपलं एसटीच्या टपावर चढवून भावाला पाठवत. ऐंशी सालच्या हिवाळ्यात नत्थूजींनी कळवलं की टोपलं पाठवू नका, मला आंबट सोसत नाही. रुपराव चारचौघांत म्हणाले, की लहान्याले आता नागपूरचं पाणी लागलं, भावाच्या बगिच्यातलं आंबट लागते. त्यानंतर दोघा भावांत बोलणं राहिलं, पण कामापुरतं.

नत्थूजींचं काम अमरावती रस्त्यावरच्या एका संशोधन केंद्रात होतं. तेव्हा बाहेरदेशचे खिशात मावणारे कॅल्क्युलेटर आणि आकड्यांची घड्याळं नुकती दिसू लागली होती. राखाडी काच, तिच्यावर काळे आकडे. त्या काचेला लागणारी पातळ, नितळ फिल्म कापसापासून होते, हे केंद्रातले डॉ. आगाशे परदेशातून शिकून आले होते. कापूस तर इथे पायाखाली पडलेला. जिनिंगमध्ये रुई निघून गेल्यावर सरकीला जी बारीक लव चिकटून राहते, तिच्यावर हिंदुस्थानची घड्याळं चालतील, असं डॉक्टरांनी दिल्लीला पटवलं आणि तीन खोल्या, एक धुण्याचा हौद आणि नत्थूजी एवढं मंजूर करून आणलं.

हौदावर रुखमाबाई होती. ती रोजंदारीवर. सरकीची लव सोड्यात उकळायची, पाण्यावर पाणी बदलून धुवायची, वाळवून पत्र्याच्या डब्यांत भरायची. सोड्यानं तिच्या बोटांची सालं निघत. पुढचं काम नत्थूजींचं. त्या लवेपासून तयार झालेलं मधासारखं द्रावण काचेवर ओतायचं, पात्यानं एकसारखं पसरायचं आणि वाळेपर्यंत श्वासही जपून घ्यायचा. धूळ बसू नये म्हणून खिडक्यांच्या फटींना पट्ट्या चिकटवल्या होत्या, पंखा बंद असे, आणि त्या खोलीत जेवणाचा डबा उघडायचा नाही असा कडक नियम होता. संत्र्याला नियम नव्हता. नागपुरात संत्रं जेवणात धरत नाहीत.

रुपरावांचं टोपलं आलं की निम्मं घरी राही, निम्मं प्रयोगशाळेत येई. नत्थूजी काचेपाशी उभ्यानंच सोलत. डॉ. आगाशे पुण्याचे, त्यांना हे फळ सोलता येत नसे, म्हणून त्यांचंही नत्थूजीच सोलत. खोलीत घमघमाट सुटला की डॉक्टर म्हणत, की परदेशातल्या प्रयोगशाळेत ही चैन नाही.

एकोणऐंशीच्या हिवाळ्यात फिल्म प्रथमच खऱ्या अर्थानं नितळ झाली, आणि नितळ झाल्यामुळेच तिच्यावरचे डाग दिसू लागले. बारीक वाटोळे डाग, मध्ये एक ठिपका. नत्थूजी त्यांना डोळे म्हणत. तसल्या फिल्मखाली तीनचा आकडा आठ दिसू शकला असता, आणि तसलं घड्याळ दिल्लीला दाखवणं कठीण होतं.

डॉक्टरांनी भिंगाखाली पाहून निदान केलं: तेल. निदान अगदी बरोबर होतं. पुढचा विचारही सरळच होता. तेल कुठे असतं, तर सरकीत. सरकीचं तेल लवेत राहिलं, म्हणजे धुणं कमी पडलं. त्यांनी नत्थूजींना विचारलं, की बाईचं धुणं पहिल्यासारखं आहे का. नत्थूजींनी क्षणभर विचार केला. खरं तर धुण्याकडे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. पण साहेबानं मत विचारल्यावर मत नाही म्हणणं बरं दिसत नाही.

"थोडी घाई करते अलीकडं," ते म्हणाले.

मार्चअखेर रुखमाबाईला नको म्हणून सांगितलं. ती हौद घासून, पालथा हात कपाळाला लावून गेली. तिच्या जागी धुण्याचं यंत्र आलं. आणि एप्रिलपासून डोळे बंद झाले. उन्हाळाभर फिल्म काचेसारखी निघत राहिली. डॉक्टरांनी हे अहवालात पुरावा म्हणून घातलं. संत्र्यांचा मृगाचा बहारही त्याच सुमारास संपला होता, ही गोष्ट अहवालाच्या विषयात बसत नव्हती.

नोव्हेंबरात डोळे परत आले. बाई जाऊन आठ महिने झाले होते, तरी डॉक्टर डगमगले नाहीत. तिनं धुतलेल्या मालाचा एक डबा कोपऱ्यात पडून होता. त्यातलाच माल नव्यात मिसळला असणार, तो डबा फेकून द्या, असं त्यांनी सांगितलं. गेलेल्या माणसाचा दोषही इतका चिवट असतो, हे नत्थूजींना तोवर खरंच वाटत होतं.

त्या रविवारी ते घरी खिडकीशी चष्मा पुसत बसले होते. शेजारी त्यांची बायको गोपिका संत्रं सोलत होती. सालीतून बारीक फवारा उडाला. चष्म्याची काच त्यांनी उजेडात धरली, तर तिच्यावर डोळे होते. वाटोळे, मध्ये ठिपका.

गोपिकानं विचारलं, "काहून गा, असे काय पाहून राहिले?"

तिनं पुढे केलेली फोड तशीच तिच्या हातात राहिली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कोपऱ्यातला डबा फेकला नाही. रुखमाबाईनं धुतलेल्या त्याच लवेचं द्रावण करून घेतलं आणि दोन काचांवर ओतलं. एक काच दुसऱ्या खोलीत नेऊन झाकली. दुसरीजवळ उभं राहून एक संत्रं सोललं, खाल्लं नाही. संध्याकाळपर्यंत संत्र्याजवळच्या काचेवर डोळेच डोळे होते. झाकलेल्या काचेवरची फिल्म इतकी नितळ होती की काचेवरून उचलून धरली तेव्हा हातात काही आहे हे तिच्या कडेवरूनच कळलं. अशी फिल्म त्या केंद्रात आधी निघाली नव्हती.

डागाळलेली काच त्यांनी धुऊन टाकली. चांगली फिल्म घेऊन ते डॉक्टरांकडे निघाले. काय सांगायचं ते जिन्यावर ठरलं होतं: साहेब, तेल संत्र्याचं आहे, बाईचा काही दोष नाही, तिला परत बोलवा. वाक्य लहानच होतं.

डॉक्टरांनी फिल्म खिडकीकडे धरली आणि कितीतरी वेळ धरूनच राहिले. दिल्लीची मंडळी त्याच आठवड्यात यायची होती. मग वळून त्यांनी विचारलं, "नव्या यंत्राच्या धुण्याची ना?"

हो म्हणायला वेळ लागला नाही. नत्थूजींना पुढे आयुष्यभर आश्चर्य वाटलं ते याचंच. बढतीचा विचार मनात आला होता का, साहेबाचा फुललेला चेहरा पडेल म्हणून जीभ अडली, की डॉक्टरही रोज दोन संत्री खात होते हे सांगायची लाज वाटली, याचा निवाडा त्यांना कधी करता आला नाही. ते एवढंच म्हणाले, की रुखमाबाई गरीब आहे, तिला परत घेता आलं तर बरं होईल. डॉक्टर हसून म्हणाले, की सहानुभूती आणि रसायनशास्त्र वेगळं ठेवावं.

त्या फिल्मचा तुकडा लावून घड्याळासारखे आकडे दाखवणारी एक पाटी केली. दिल्लीच्या मंडळींनी ती पाहिली, माना डोलावल्या. नत्थूजी वरिष्ठ झाले. त्यांनी स्वतःच्या अधिकारात एक नवा नियम केला: फिल्मच्या खोलीत फळ आणायचं नाही. डोळे परत आले नाहीत. श्रेय यंत्राला गेलं.

संक्रांतीच्या आसपास ते बसनं कामठीला गेले. रुखमाबाई तिथे भावाकडे राहून विड्या वळत होती. त्यांना ओसरीत पाहून तिनं सूप बाजूला केलं, सतरंजी टाकली. जिन्यावरचं ते लहान वाक्य नत्थूजींनी बसमध्ये पुन्हा पाठ केलं होतं. पण बोलायला सुरुवात तिनंच केली.

"भाऊ, तुम्ही आले ते बरं झालं. माह्या मनात लय दिवसाचं होतं. तवा पोरगी बाळंतपणाले आली होती. घाईत एखादं पाणी कमी टाकलं असंन मी. तुमच्या काचेचं वाटोळं झालं माह्यामुळं."

"नाही वं बाई," नत्थूजी म्हणाले. "तसं नाही."

"तुम्ही म्हणाल नाही. मानूस चांगले आहा तुम्ही. पन साहेबाले तेल दिसलंच ना. भिंग काही खोटं बोलते का?"

तिचा आवाज अगदी साधा होता. पदरी पडलेला दोष तिनं घरातल्या पाटा-वरवंट्यासारखा एका कोपऱ्यात नीट लावून ठेवला होता. तो उचलून घ्यायचा तर आपला म्हणून आपल्याच डोक्यावर घ्यावा लागणार होता. नत्थूजी सतरंजीचे दोरे पाहत राहिले. ती आत गेली, आणि पाहुण्याला द्यायला घरात होतं ते घेऊन आली. एक संत्रं. सोड्यानं सोललेल्या आणि आता तंबाखूनं पिवळ्या पडलेल्या बोटांनी तिनं ते सोललं, शिरा काढल्या आणि फोडी त्यांच्या हातावर ठेवल्या.

त्यांनी ते सगळं खाल्लं. बिया हातात धरून ठेवल्या, बसमध्ये बसल्यावर खिडकीतून टाकल्या. त्यानंतर त्यांनी संत्र्याला तोंड लावलं नाही.

फिल्म पुढे बाजारात काही गेली नाही. बाहेरचा माल स्वस्त पडू लागला आणि तीन खोल्यांत दुसराच विभाग आला. आकड्यांची पाटी मात्र केंद्राच्या काचेच्या कपाटात राहिली. खाली चिठ्ठी आहे: सुधारित यांत्रिक धुलाईचे फलित.

ती फिल्म रुखमाबाईनं हातानं धुतलेल्या सरकीच्या लवेची आहे.