मुरगळलेला पाइप

"आधी दाबून दाखव. मग माझ्या बाया बसतील."

सकाळी गाडी लावली की मावशींचं हे पहिलं वाक्य. रामराम नाही, 'चहा घेतला का?' नाही. राहूतल्या कांदा काढणाऱ्या बायांच्या टोळीच्या त्या मुकादम. त्या टोळीला मी मालकाच्या जुन्या व्हॅनमधून नदीपलीकडे शिरूरच्या बाजूला न्यायचो. मावशी माझ्या दारातून आत वाकायच्या आणि ब्रेकचं पेडल किती खाली जातंय ते डोळे बारीक करून बघायच्या.

असल्या गाड्या तुम्हीही पाहिल्या असतील. पेडल लोण्यात पाय घातल्यासारखं खाली जातं, दोन-तीन पंप मारले की वर येतं, आणि ड्रायव्हर म्हणतो, लागतोय की. आमच्याकडे याला कुणी बिघाड म्हणतच नाही. मी नवाच कामाला लागलो होतो. मालकाने सांगून ठेवलेलं, "तेल वतत जा आन् चालव."

मावशींना ते पंप मारणं बघवायचं नाही. "नदीच्या उताराला म्हैस आडवी आली तर तिला काय सांगशील? थांब बाई, मला अजून दोन मारायचेत?" बाया हसायच्या. मावशी हसायच्या नाहीत.

एका सकाळी कितीही पंप मारले तरी पेडल वर येईना. मावशींनी बायांना झाडाखाली बसवलं आणि स्वतः माझ्या शेजारी चढल्या. "कासुर्डीला घे. हळू." हँडब्रेकवर, दुसऱ्या गिअरमध्ये रडत-खडत आम्ही फिटरकडे पोचलो.

फिटर म्हणाला, ब्रेकच्या लाइनीत हवा धरलीय. तो गाडीखाली शिरला, मी वर तेलाची बाटली धरून उभा. पेडल दाबायला माणूस नव्हतं, म्हणून मावशी पदर खोचून माझ्या जागेवर बसल्या. "दाबा... धरा... सोडा." एकेका चाकाच्या ब्रेकमधली हवा तेलाबरोबर निघत गेली. मागच्या डाव्या चाकाला मात्र थेंब येईना.

फिटरने मला खाली बोलावलं. त्या चाकाकडे जाणारा पाइप कुणीतरी पकडीने मुरगळून, ठोकून बंद केला होता. मुरगळलेल्या जागी चीर गेली होती. तिथून तेल झिरपायचं, हवा आत शिरायची. एवढे दिवस आम्ही तीन चाकांच्या ब्रेकवर बाया वाहत होतो. माझ्या अंगाची लाहीलाही झाली.

मालकाला फोन लावला. तो शांतपणे म्हणाला, "मीच बंद कराया सांगितलं व्हतं. त्या चाकातून तेल गळत व्हतं, आन् ऐन सीझनला गाडी कुठं उभी करायची? तीन चाकं धरत्यात की."

मावशींनी फोन माझ्या हातातून ओढला. "तुमची सून लेकरं घिऊन बसंल का ह्या गाडीत? बोला की."

मालकाने फोन कापला. मावशी फिटरकडे वळल्या. "पाइप नवा टाक. चाकाचं गळणं बी काढ. अर्धवट करून दिलंस तर मी हितनं हलणार न्हाई." फिटरने दोन्ही कामं केली, पुन्हा सगळी हवा काढली. पेडल अर्ध्यावर येऊन घट्ट उभं राहिलं.

दुसऱ्या दिवशी मालक स्वतः हजर. मावशी विळा आणि भाकरीचं फडकं घेऊन उभ्या होत्या. सगळ्यांदेखत तो म्हणाला, "मावशी, तुम्ही आता येऊ नका. लई कटकट हाय तुमची. बायांना मी फोन करत जाईन."

बाया जागच्या हलेनात. मी दार उघडून खाली पाय टाकला. त्याला चांगलं फैलावर घ्यायचंच होतं.

"तू बस गप," मावशी मला म्हणाल्या. मग बायांकडे वळल्या. "चढा गं. गाडी आता बरी हाय. माझ्यापायी आजचा रोज बुडवू नका." एकेक बाई खाली मान घालून चढली. मावशींनी भाकरीचं फडकं खिडकीतून माझ्या मांडीवर ठेवलं. "मी आता घरीच जेवीन. तू खा."

दुपारी बांधावर फडकं सोडलं. दोन भाकरी, ठेचा. तेवढ्यात मालकाचा फोन आला.

"काय रं, ब्रेक कसा लागतोय?"

"मावशींनी करून घेतलाय," मी म्हणालो. "लागणारच."

आणि या वेळी फोन मी कापला.