आज कोन हायस?

भोंग्यावर 'उत्कृष्ट गोलंदाज' म्हणून नाव पुकारलं आणि मी उठून उभा राहिलो.

नाव माझं नव्हतं.

तीन दिवस त्या नावाला ओ देत होतो. प्रतीक, जरा पुढे ये. प्रतीक, टप्पा आत टाक. प्रतीक, पाणी पी. तीन दिवसांत कुत्र्यालाही सवय लागते, मी तर माणूस. उठलो, पँटीची माती झटकली आणि स्टेजकडे दोन पावलं टाकलीसुद्धा. तेवढ्यात दुसऱ्या रांगेतल्या प्लास्टिकच्या खुर्चीतून खरा प्रतीक उठला. पांढरे कपडे, काळा चष्मा, तीन दिवसांत एक चेंडू हातात धरलेला नाही.

एका नावाची दोन माणसं उभी.

सगळं मैदान हसलं. माइक प्रतीकच्या वडलांच्या हातात होता. खालच्या गावात त्यांना सगळे अण्णा म्हणतात. अर्ध्या खोऱ्यातली जमीन त्यांची. अण्णा काही रागावले नाहीत. मजेत म्हणाले, "बस रे, बस. हात तुझा, नाव आमचं."

पुन्हा हशा. सगळ्यात मोठ्याने मी हसलो. तेच अजून टोचतं. बाकीच्यांचं हसणं मी कधीच विसरलो, स्वतःचं विसरता येत नाही.

प्रतीकने कप घेतला, फोटो काढला, खाली उतरला. मग मला म्हणाला, "ए वाडी, जरा धर रे. लेस सुटलीय."

मी कप धरला. दोन्ही हातांनी. त्याची लेस बांधून होईपर्यंत.

आता हे सगळं कसं चालतं ते सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल मी मुळातच वेडा आहे. घरात तसा समज आहेच.

आमच्याकडे भात काढून झालं की खाचरं मोकळी होतात. दोन बांध फोडायचे, माती दाबायची, मैदान तयार. मग गावोगाव टेनिस बॉलचे सामने. नियम एकच आणि पक्का: खेळाडू त्या गावचाच पाहिजे, यादीत नाव पाहिजे. नियम मोडायची रीतही तितकीच पक्की. गावचा जो माणूस मुंबईला आहे, आजारी आहे, किंवा ज्याला बॉल टाकता येत नाही, त्याच्या नावावर बाहेरचा हात आणायचा. यादीला जोडून आधारकार्ड लागतं. पण आधारकार्डावरचा फोटो कुणाचाच नसतो, त्यामुळे तो कुणाचाही चालतो.

असा बाहेरचा हात म्हणजे मी. वीस वर्षं. आठवडाभर पोलादपूर–महाड सहा आसनी मिनिडोर चालवायची आणि शनिवार-रविवार दुसऱ्याच्या नावाने बॉल टाकायचा.

उमरठच्या बाजूला मी संदीप होतो. आंबेनळीचा घाट चढायच्या आधी एक गाव लागतं, तिथे नरेश. महाडकडे एका हंगामात मी महेंद्र होतो. हा महेंद्र दुबईला. मी पाच विकेट काढल्या तर लोक त्याच्या बायकोकडे पेढे मागायला गेले. ती म्हणाली, "अवो, ते कालच फोनवर बोलले. तिथं ऊन लय हाय म्हनले. बॉल कधी टाकला?"

घरी आम्ही पोट धरून हसायचो. शनिवारी सकाळी निघालो की आई पडवीतून विचारायची, "आज कोन हायस रे?"

"आज नरेश हाय, आये."

"बरा हाय का नरेश?"

"तुझ्या पोरापेक्षा बरा. त्याला नोकरी हाय."

हा आमचा नेहमीचा विनोद. पण ती उगाच विचारायची नाही. आमची वाडी डोंगराच्या कुशीत, बावीस घरं. खालच्या गावचं मैदान बरोबर पायाखाली. भोंगा खांबाला बांधतात आणि त्याचं तोंड आमच्याकडे असतं. आवाज वर चढतो. आईला नजर नाही, कान तिखट. आज कुठल्या नावाकडे कान लावायचा, ते तिला माहीत असावं लागायचं. खालून 'प्रतीकची आणखी एक विकेट' असं आलं की ती सुनेला म्हणायची, "आपला हाय गो."

तुम्ही विचाराल, स्वतःच्या नावाने का नाही खेळलास? मीही विचारलं होतं. आमची वाडी सरकारी कागदावर खालच्याच गावात मोडते. मतं आम्ही त्याच पेटीत टाकतो. पण गावाच्या संघाच्या यादीत वाडीवरचं नाव कधी लागलेलं नाही. वाडीचा वेगळा संघ उतरवायचा म्हटलं, तर कमिटी म्हणते, वाडी म्हणजे गाव नव्हे. कमिटीचे अध्यक्ष अण्णाच.

एकदा धीर करून अण्णांना म्हटलं, "यादीत माझंच नाव घाला की."

अण्णा जेवत होते. घास थांबवला नाही. म्हणाले, "वाडीवरचं एक घातलं की उद्या सगळी येतील. आणि मग प्रतीकने काय सीमेवर चेंडू वेचायचे?"

मी मान डोलावली. वर 'बरोबर हाय' असंही म्हटलं. असा मी शूर.

तो कपाचा प्रसंग तीन वर्षांपूर्वीचा. वाटलं होतं, परत खाली पाऊल टाकणार नाही. टाकलं. पुढच्या वर्षीही टाकलं. गोलंदाजाला एक खोड असते. कुणी हातात नवा चेंडू दिला की त्याचा अपमान बोटांतून निघून जातो. निदान सहा चेंडूंपुरता.

या वर्षी दोन गोष्टी बिघडल्या. एक माझा खांदा. सकाळी केस विंचरायला हात वर जाईना. तसे केसही फारसे उरलेले नाहीत, म्हणून भागलं.

दुसरी आई. तिचं डोकं आता मागेपुढे होतं. कधी मला हाक मारते, कधी माझ्या गेलेल्या बापाला. या हंगामात सामन्यांच्या पहिल्या दिवशी तिने विचारलंच नाही, आज कोन हायस म्हणून. मीच सांगितलं, आज प्रतीक. तिने ऐकलं की नाही, कळलं नाही.

त्या दिवशी चार विकेट काढून संध्याकाळी वर आलो. आई शेजारणीशी बोलत पडवीत बसली होती. म्हणत होती, "तो प्रतीक काय बॉल टाकतो गो! माझा पोरगा पन टाकतो. पन त्याचं नाव कधी येत नाय. बरा टाकीत नसंल."

मी बूट हातात घेऊन तसाच उभा राहिलो.

वीस वर्षांचा विनोद होता तो. आणि तो सुरू करणारी एकच बाई होती. आता ती बाईही प्रतीकच्या बाजूला गेली होती. मी मेलो असतो तर निदान भिंतीवर फोटोखाली नाव आलं असतं. हसू नका. त्या क्षणी मी खरंच तसा हिशोब केला.

रात्रभर एकच गोष्ट डोक्यात. तिचे कान आहेत तोवर, तिचं डोकं पुरतं जायच्या आत, त्या भोंग्यातून एकदा माझं नाव यायला हवं. एकदाच. विकेट नको, कप नको.

अंतिम सामना. समोरच्यांना शेवटच्या षटकात आठ धावा हव्या होत्या. कप्तानाने चेंडू माझ्याकडे फेकला. स्कोररच्या टेबलाजवळ समालोचन करणारा बाळू बसला होता. तो मला वीस वर्षं ओळखतो, सगळ्या नावांनी. माइकवर म्हणाला, "आणि शेवटचं षटक घेऊन येतोय आपला लाडका प्रतीक..."

मी खेळपट्टीकडे न जाता टेबलाकडे गेलो.

"प्रतीक नाय. मी. माझं नाव घे."

बाळूने माइकवर हात ठेवला. "भाऊ, गप. यादीत तू नायस. बोललास तर मॅच जाईल."

"जाऊ दे. नाव घे."

माझा चेहरा कसा होता मला माहीत नाही. बाळूने माझ्याकडे बघितलं, अण्णांच्या खुर्चीकडे बघितलं. मग हात काढला. "दुरुस्ती. गोलंदाजीला येत आहेत वाडीचे..."

आणि भोंगा मुका झाला.

अण्णांनी उठून वायर उपटली होती. वायर अजून त्यांच्या हातात. पहिल्यांदाच ते हळू आवाजात बोलले.

"काय पाहिजे तुला?"

"नाव."

"एका नावापायी गावाची इज्जत घालवतोस?"

"कुठल्या गावाची, अण्णा? यादीत मी नाय, म्हंजे गावात नाय. मंग ही माझी इज्जत कशी?"

माझ्या तोंडून हे आलं यावर माझा विश्वास बसला नाही. अण्णांचाही नसावा.

सगळ्यांना सगळं माहीत होतं. पण तोंडाने बोललं की नियम जागा होतो. समोरच्या कप्तानाने लगेच हरकत घेतली. त्याच्या स्वतःच्या संघात माझ्यासारखे दोघे होते, ते बिचारे मान खाली घालून उभे. स्कोररने यादी बघितली. माझं नाव नव्हतं. गाव बाद.

मग शिव्या आल्या. ढेकळं आली. प्रतीक ओरडला, "ए वाडी, परत खाली दिसलास तर बघ!" माझ्या वाडीतले दोघे माझ्या बाजूने गेले, ओळख न देता. त्यांना उद्या अण्णांच्याच शेतावर जायचं होतं. मी त्यांना दोष देत नाही. वीस वर्षं मी दुसरं काय केलं? मीही नियम मोडतच खेळलो. माझ्यामुळे कितीतरी गावं खोटी जिंकली. साधू मी नव्हे.

चेंडू टेबलावर ठेवला. ते षटक टाकायचं राहूनच गेलं.

वाडी चढताना दोनदा बसलो. आई पडवीत होती.

"भोंगा का बंद पडला रे?"

"वायर निघाली, आये."

"वाडीचं कायतरी म्हनला आनि मुका झाला. कोन होता?"

"मी होतो."

ती म्हणाली, "छ्या. तुजं नाव तर नाय आलं."

तिचं बरोबर होतं.

आठ दिवसांनी कमिटीचं पत्र आलं. आजीवन बंदी. खाली माझं पूर्ण नाव, बापाचं नाव, वाडीचं नाव. एक वेलांटी चुकलेली नाही. वीस वर्षांत क्रिकेटच्या कागदावर मी पहिल्यांदा आलो तो असा. बायको म्हणाली, "फ्रेम करा." मग तीच पदर तोंडाला लावून आत गेली.

फोन बंद झाले. कुठल्याच गावाला आता नरेश नको आहे, संदीप नको आहे. मिनिडोरमध्येही काही लोक बसत नाहीत, मागच्या गाडीची वाट बघतात. खांदा तर गेलाच.

मी बसून अर्ज लिहिला. संघाचं नाव: आमची वाडी. खेळाडू सात. अकरा नाहीत, बाकीचे मुंबईला आहेत, आणि त्यांच्या नावावर आम्ही कुणाला आणणार नाही. सातांत एक माझी मुलगी आहे, ती माझ्यापेक्षा सरळ टाकते. ओळख न देता गेलेल्या दोघांतला एक नंतर अंधार पडल्यावर आला आणि सही करून गेला. पहिलं नाव माझं, बंदीसकट. कमिटीने अर्ज परत पाठवला: वाडी म्हणजे गाव नव्हे. मी तोच अर्ज पुन्हा दिला. परत आला. पुन्हा दिलाय.

भात काढून झालं की आम्ही सातजण खाली उतरणार आहोत. अर्ज घेतला तर खेळायला. नाही घेतला तर खेळपट्टीवर बसायला. आधी आमची नावं, मग तुमचा पहिला चेंडू.

माझं नाव मी इथे लिहीत नाही. कागदावर ते एकदा येऊन गेलंय. आता ते भोंग्यातूनच येईल, आई ऐकत असताना. आणि या वेळी वायरीजवळ मी बसणार आहे.