सिग्नल आप्पा आणि क्लबातलं मशीन

सिग्नल आप्पा कुठलंही यंत्र उघडण्याआधी पायातल्या वहाणा काढून बाजूला ठेवत आणि यंत्रावर तळहात टेकवून मिनिटभर गप्प उभे राहत. तेवढ्या वेळात कुणी बोललेलं त्यांना चालत नसे. “आदी त्येचं म्हणणं ऐकू द्या,” म्हणत. लष्कराच्या सिग्नल विभागात बरीच वर्षं तारा जोडून ते पाटणजवळच्या आपल्या गावी परतले होते, म्हणून हे नाव. आसपासचे रेडिओ, पाण्याच्या मोटारी, पिठाच्या गिरण्या, सगळं त्यांच्या हाताखालून जाई.

मी मूळचा सांगलीचा. कोयनानगरला धरणाच्या वसाहतीत कारकून म्हणून लागलो आणि तिथल्या क्लबाची देखरेखही माझ्याकडे आली. क्लबात एक जुनं पिनबॉलचं मशीन होतं. काचेखालच्या उतरत्या फळीवरून पोलादी गोळी घंट्या वाजवत खाली येई, आणि बटणं दाबून तळाशी असलेली दोन पाती उडवायची, गोळी परत वर पिटाळायची, असा तो खेळ. त्या पात्यांना फ्लिपर म्हणत. एक परदेशी इंजिनियर मायदेशी परतताना ते मशीन क्लबाला देऊन गेले होते. पुढे ते तिकडे वारल्याची बातमी आली.

काही दिवसांनी फ्लिपर लुळे पडले. मी आप्पांना बोलावलं. त्यांनी काच काढली, फळी उचलली, आतल्या तारांच्या जंजाळाकडे पाहून खुशीत मान हलवली. ठिणग्यांनी काळे पडलेले पत्र्याचे जोड त्यांनी बारीक कानशीने घासले, झिजलेल्या सांध्यात जुन्या रेडिओतला तुकडा बसवला. फ्लिपर फाडकन उडाले. “पोरगं उपाशी हुतं, बाकी काय न्हाई,” ते म्हणाले.

चहा मात्र ते स्वतःच्या पिशवीतल्या लष्करी मगातूनच पीत. पहिल्या दिवशी क्लबाच्या शिपायाने सगळ्यांना बशीतून कप दिले होते आणि आप्पांपुढे वेगळा, कान तुटलेला. आप्पांचं घर बौद्ध झालेलं, हे शिपायाला माहीत होतं. आप्पांनी तो कप न उचलता पिशवीतून मग काढला होता. दुसऱ्या वेळेपासून मी आमच्या दोघांचा चहा घरून आणू लागलो. तेव्हापर्यंत आप्पा मला ‘सायेब’ म्हणायचे ते ‘भाऊसाहेब’ म्हणू लागले.

त्यानंतर विचित्र प्रकार सुरू झाला. खेळ रंगात आलेला असताना फ्लिपर एकदम मरत. बटणं दाबून बोटं दुखत, पाती हलत नसत, गोळी सरळ खाली जाई. पुढच्या डावाला पुन्हा सगळं ठीक. एका दुपारी क्लब बंद असताना आतून घंटीचा एकच टोला मी स्वतः ऐकला. कुलूप काढून आत गेलो तर कुणीच नव्हतं. त्या वारलेल्या इंजिनियर साहेबाचा जीव मशीनमध्ये अडकलाय, असं शिपाई सांगू लागला आणि झाडू मारायलाही एकटा जाईना.

आप्पा पुन्हा आले. तळहात टेकवून या वेळी ते फार वेळ उभे राहिले. मग फळी उचलून मला आत बघायला सांगितलं. पेटीच्या कडेला तारेला एक लहानसा लंबक टांगलेला होता, त्याच्याभोवती पितळी कडं. “कुणी मशीनला धक्का मारून गोळी फिरवाय बघितली, तर ह्यो लंबक कड्याला लागतो आन् फ्लिपरची वीज तुटती. लबाडी धराय केलंय. वर एक बत्ती लागाय पायजे, पर ती जळालीया.”

“पण धक्का कुणीच मारत नाही, आप्पा.”

“तेच बघाय बसलोय.”

आम्ही दोघं हात मागे घेऊन बसलो. भर दुपार, बाहेर वाऱ्याचा पत्ता नव्हता. बऱ्याच वेळाने लंबक हलला. आधी जरासा, मग लहान लहान गोल काढत. टक् करून कड्याला लागला. मेजावरच्या मगातल्या चहावर वलयं उठली आणि विरली.

“मशीन चांगलं हाय, भाऊसाहेब,” आप्पा हळू आवाजात म्हणाले. “भुई हालतीया. त्या दुपारची घंटीबी तिनंच वाजवली.”

बारीक हादरे वसाहतीला नवे नव्हते. भांडी वाजली की आम्ही हसून सोडून देत असू. पण आम्हाला न कळणारेही इतके असतील, हे मला ठाऊक नव्हतं. क्लबाच्या सचिवांना मी हे सांगितलं. ते म्हणाले, “तो लंबक बांधून टाका. लोक खेळायला येतात.” आप्पांनी नकार दिला. “ते खरं बोलतंय. त्येचं तोंड मी बांधनार न्हाई.”

मग मी बांधलं. दुसऱ्या दिवशी, पांढऱ्या दोऱ्याने. मशीन बिनतक्रार चालू लागलं, आणि खरं सांगतो, जमीनही थांबली असंच मला वाटू लागलं.

महिनाभराने आप्पा पंखा दुरुस्त करायला आले. जाता जाता मशीन उघडून त्यांनी दोरा पाहिला. मला वाटलं रागावतील. ते फक्त म्हणाले, “तुमची खाट कुटं असती?”

“आतल्या खोलीत. दगडी भिंतीला लागून.”

“आजच दाराम्होरं घ्या. ल्येकराला आन् वहिनीस्नी भिंतीखाली निजू दिऊ नका. थंडी वाजली तर वाजू द्या.”

बायको कुरकुरली, पण मी ऐकलं आणि खाट ओसरीवर दारापुढे आणली. सदुसष्टच्या डिसेंबरात, पहाटेच्या अंधारात भूकंप झाला तेव्हा आम्ही तिघं ओसरीवरून अंगणात फेकल्यासारखे बाहेर पडलो. आतल्या खोलीची भिंत आमच्या जुन्या जागेवर पडली होती. क्लबही जमीनदोस्त झाला.

रस्ते मोकळे झाल्यावर आठवड्याने मी आप्पांच्या गावी गेलो. दगडमातीचे ढीग होते. त्यांची बायको दोन मुलांना घेऊन ताडपत्रीखाली बसली होती. मी काही विचारण्याआधीच तिने मान हलवली.

“समद्यांस्नी सांगत फिरलं,” ती म्हणाली. “आमाला महिनाभर अंगनात निजवलं. पर आत्याबाई, ह्यांची आई, म्हाताऱ्या, त्यास्नी थंडी सोसंना. त्या काय भाईर येईनात. मग हे म्हनायचं, म्हातारी एकटी कशी ठिवू. रोज रातच्याला आत त्यांच्या उशाला जाऊन निजायचं.”

मी ताडपत्रीच्या कडेला बसलो. तिने मुलीकडून मला पाणी देववलं आणि विचारलं, “तुमची मानसं?”

“आहेत. सगळी आहेत.”

“मग तुमी ऐकलंसा त्यांचं,” ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिने डोळ्यांना पदर लावला.