तीनदाताईंचा दुसरा प्रयत्न

औषधांच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत तिला सगळे तीनदाताई म्हणत. खरं नाव फक्त हजेरीपटावर. भुकटी काट्यावर ठेवायची, काचेचं दार लावायचं, आकडा थांबेपर्यंत श्वाससुद्धा जपून घ्यायचा, नोंद करायची; मग उचलून पुन्हा, आणि पुन्हा एकदा. नियमच तसा होता. बाकीचे तिसऱ्या वेळी मागचाच आकडा लिहून चहाला पळत. ही बाई चौदा वर्षांत एकदाही पळाली नाही. आता अशा माणसाचं काय होतं, सांगू? कौतुक त्याचं होतं आणि बढती दुसऱ्याला मिळते.

तिचंही तेच झालं. चिमटा कसा धरायचा इथपासून जी पोरं तिनं शिकवली, त्यातले तिघं एकामागून एक तिचे साहेब झाले. त्यांच्याकडे मॅनेजमेंटची पदवी होती, हिच्याकडे नव्हती. तिसऱ्या साहेबानं पहिल्याच दिवशी विचारलं, "ताई, हा काटा सुरू कुठून करायचा, विसरलो बघा." तिनं काटा सुरू करून दिला, आणि त्याच आठवड्यात बिझनेस स्कूलच्या प्रवेश परीक्षेचा अर्ज भरला. वय एकोणचाळीस. हसणारे हसले. हसू देत मेले!

नोकरी करणाऱ्यांसाठी एक वर्ग होता. त्याला आठशेपैकी सहाशे गुण लागत. त्याखाली मुलाखतीलाही बोलावत नसत. आणि चाळिशी उलटली की दार बंद. तिला पडले पाचशे तीस.

"जाऊ दे गं, नशिबात नसेल," नवरा म्हणाला. बिचारा चांगल्या मनानं म्हणाला, पण ती दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. परीक्षा अजून एकदाच देता येणार होती. त्यानंतर वाढदिवस आडवा येत होता.

सासूबाईंनी मात्र नशिबाचं नाव काढलं नाही. तीस वर्षं शिवणाच्या कारखान्यात कापड कापलेली बाई ती. जिभेलाही कात्रीचीच धार. त्यांनी सुनेला समोर बसवलं.

"चुकलीस कुठं?"

"चुकले नाही, आई. जे सोडवले ते बहुतेक सगळे बरोबर आलेत. शेवटच्या अकरा प्रश्नांपर्यंत पोचलेच नाही."

"का? वेळ कुठं घालवलास?"

ती खाली बघत म्हणाली, "प्रत्येक गणित तीन-तीनदा सोडवून बघत होते."

सासूबाईंनी कपाळावर हात मारला. "अगं शहाणे, पेपर सोडवायला गेली होतीस की औषध तोलायला?"

आता हसावं की रडावं? अख्ख्या परीक्षेच्या खोलीत ही चूक दुसऱ्या कुणाच्या हातून झाली नसती. आळशी माणसाला ती जमतच नाही!

दुसऱ्या दिवसापासून स्वयंपाकघराच्या टेबलावर शिकवणी सुरू झाली. अंडी उकडताना लावायचं घड्याळ मधोमध. दोन मिनिटं झाली, घंटा वाजली की सासूबाई सुनेच्या हाताखालचा कागद ओढून घेत. त्यांना त्या गणितातलं ओ की ठो कळत नव्हतं. कळायची गरजही नव्हती.

"आई, एकदाच बघते, फक्त एकदा!"

"सोड म्हणते ना. कापडावर खूण केली की कात्री सरळ न्यायची. मध्येच कचरलीस तर वाकडं जाणारच."

"आणि खूणच चुकली असेल तर?"

"तर ते एक कापड गेलं. बाकीचं ठाण आहे ना पुढ्यात?"

कागद ओढताना किती फाटले, याचा हिशेब नाही. एकदा तर सून इतकी चिडली, की घड्याळच उचलून तिनं बाहेर ठेवलं. सासूबाईंनी शांतपणे आकडे मोजायला सुरुवात केली, मोठ्यानं, एकशे वीसपर्यंत. झक मारत तिनं घड्याळ आत आणलं.

तीन महिन्यांनी ती पुन्हा त्याच इमारतीत, तशाच संगणकासमोर बसली. नवव्या प्रश्नाला हात शिवशिवला. उत्तर आलं होतं, पण फक्त एकदा आलं होतं! तिनं डोळे मिटून बटण दाबलं आणि पुढं गेली. दहावा, अकरावा, बारावा. शेवटचा प्रश्न संपला तेव्हा चार मिनिटं उरली होती. पडद्यावर गुण आले: सहाशे चाळीस.

मुलाखतीला समोर तिघं बसले होते. मधल्या प्राध्यापकांनी दोन्ही निकाल शेजारी शेजारी ठेवले आणि चष्म्यावरून पाहिलं. "तीन महिन्यांत एकशे दहा गुण? कुठला क्लास लावलात?"

"क्लास नाही, सर. सासूबाई कागद ओढून घ्यायच्या." मग तिनं सगळं सांगितलं, तीनदा सोडवण्यासकट.

"म्हणजे तपासून बघायची सवय आता सुटली म्हणायची?" त्यांनी विचारलं. प्रश्न खोचक होता, आणि प्रवेश त्याच्यावरच अडला होता.

"नाही, सर. परीक्षेत चुकले तर माझे गुण जातात. कारखान्यात चुकले तर कुणाच्यातरी आजारी लेकराच्या पोटात जास्तीचं औषध जातं. तिथं मी तीनदाच तोलणार, साहेब कितीही घाई करोत. कुठं थांबायचं आणि कुठं नाही, एवढंच नवीन शिकले."

प्राध्यापकांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि तिला जायला सांगितलं.

आठ दिवसांनी पत्र आलं. प्रवेश मिळाला होता. तिनं ते सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या ओरडतील, हसतील, निदान "बघ, म्हटलं नव्हतं?" तरी म्हणतील, असं तिला वाटलं. त्या मात्र पदरानं डोळे पुसायला लागल्या.

"आई, काय झालं?"

"सुपरवायझरची परीक्षा मीही दिली होती गं. नापास झाले. साहेब म्हणाले, पुढच्या वर्षी पुन्हा बसा. पण चारचौघांत लाज वाटली. नाही बसले." त्यांनी सुनेचा हात घट्ट धरला. "तू बसलीस, बाई. तू बसलीस."